दिवसाआड गाणारी वेल

म्हैसूर
९ जानेवारी २०२५

ती. सरोजिनी आत्यास,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचायचं म्हणजे मुंग्या मोजल्यासारखं वाटतं, त्यामुळे पोस्टाच्या पेटीत पत्र टाकणारी पंचविशीच्या आतली मुलगी आख्ख्या म्हैसुरात मी एकटीच असणार. पोस्टमन मला पाहून हल्ली हसतात. पण आजची बातमी कागदावरच शोभेल अशी आहे, तेव्हा चष्मा पूस आणि वाच.

इथे विद्याश्री नावाच्या बाई दर वर्षी नव्या कलाकारांचं प्रदर्शन भरवतात. यंदा सात जण निवडले, त्यात तुझी भाची आहे! १५ आणि १६ फेब्रुवारी, शनिवार-रविवार. हॉल वगैरे नाही. ज्याचं काम जिथे असेल तिथे लोक त्यांची यादी घेऊन जातात. म्हणजे लोक वेंकोजीरावांच्या परसात येणार.

वेंकोजीराव म्हणजे माझे घरमालक. फ्लॅटमध्ये माझ्या वायरी बाबांच्या पायात यायला लागल्या, म्हणून सप्टेंबरपासून त्यांची मागची खोली मी कामासाठी घेतली आहे. घराणं जुनं मराठी, कोणे एके काळी म्हैसूरच्या घोडदळात आलेलं. ते रेशीम खात्यातून निवृत्त झालेत, पण मिशी अजून घोडदळातच आहे. बायको अंबुबाई. त्या मला उपाशी राहू देत नाहीत.

माझी आधीची कामं तुला ठाऊक आहेतच. सुगरणीनं घरटं विणावं म्हणून मी झाडाला इअरफोनच्या वायरी टांगल्या, त्या खारीनं नेल्या. पिंपळपानाच्या जाळीवर सोल्डरिंग केलं, ते दोन मिनिटांत पेटलं. निसर्ग आणि तंत्रज्ञान यांचं लग्न लावायला निघालेली मी. दोन्हीकडच्यांनी नकार कळवला होता.

पण या वेळी जमलं. परसात धुण्याच्या दगडापाशी भिंतीवर नागवेल चढली आहे. तिच्या दोन पानांना मी ईसीजीला लावतात तसल्या चिकटपट्ट्या लावल्या. पानात अगदी बारीकशी वीज असते, ती माझी सर्किटची पेटी मोठी करते आणि तिचा स्वर करते. नोव्हेंबरात एका सकाळी सव्वासहाला वेल गायला लागली, आत्या! जवारी काढलेल्या तंबोऱ्यासारखा भरलेला खर्ज. अंबुबाई तिला पाणी घालतात त्या सकाळी ती गाते, नाही घातलं तर गप्प. तहान भागली की गाणारी वेल! मी कामाचं नाव ठेवलं आहे ‘वेलीचा रियाज’.

सोबत वीस दिवसांचे आलेख छापून पाठवते. तुला ऐकता येणार नाही, निदान बघ.

आई-बाबांचा नमस्कार. तुझा लोभ आहेच. या महिन्यात तो जरा जास्त लागेल.

तुझी,
चैत्राली


मिरज
१५ जानेवारी २०२५

चि. चैत्राली हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तिळगुळाची पुडी पाठवते आहे. पोस्टात चुरा झाला तर चुराच गोड मानून घे.

तुझी निवड झाल्याचं कळलं आणि मी शेजारच्या तीन घरांत सांगून आले. एकीनं विचारलं की भाची गाते का. मी म्हटलं, नाही, तिची वेल गाते. तेव्हापासून ती माझ्याशी सांभाळून बोलते.

आता आलेख. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही, रेघा बघून बिघाड शोधले. सवय जात नाही. भिंग घेऊन दोन दिवस बसले. तुझी वेल दर वेळी सव्वासहाच्या आसपास सुरू होते, एकदम, दिव्याचं बटण दाबल्यासारखी. मग एकवीस ते तेवीस मिनिटं एकसारखी चालते. मग खाट्कन बंद. जिवंत प्राणी असा सुरू होत नाही गं. तुझा बाप लहानपणी उठायचा ते मी पाहिलं आहे. त्याला नुसता एक डोळा उघडायला पाऊण तास लागायचा.

आणि दिवसाआड का? एकादशी पंधरवड्यातून एकदा येते, ही बाई एक दिवस आड कसला उपास धरते?

मिरजेच्या पूर्वेकडे चिकार पानमळे आहेत. पानवेलीनं गळा काढल्याचं कुणी सांगितलं नाही. त्या बावीस मिनिटांत घरात दुसरं काय चालू असतं, एवढं बघ. एक दिवस पाणी घाल आणि ते बंद ठेव. दुसऱ्या दिवशी ते चालू कर आणि पाणी घालू नकोस. राग आला तर तिळगूळ खा.

तुझी,
आत्या


म्हैसूर
२१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तिळगूळ खाल्ला. राग गेला नाही.

तुला एकतीस वर्षं बिघाड शोधायचा पगार मिळाला, म्हणून जगात जिकडे तिकडे बिघाडच असतो असं नाही. पाणी घातलं की ती गाते, हे तर मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. नळाला दिवसाआड पाणी येतं, त्याच सकाळी अंबुबाई वेलीला ताजं पाणी घालतात, म्हणून ती दिवसाआड गाते. यात काय अवघड आहे? आणि एकदम सुरू होते म्हणशील, तर तहानलेला माणूस काय हळूहळू खूश होतो?

विद्याश्रींनी स्वतः येऊन ऐकलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी माझं काम यादीत पहिलं ठेवलं आहे. बाबांनी ऑफिसात आठ जणांना आमंत्रण दिलं आहे, आणि बाबा आठ जणांशी एरवी बोलतसुद्धा नाहीत. आता मी वेलीची उलटतपासणी घेत बसू का?

बाकी क्षेम. आई तिळगुळाची कृती विचारते आहे. लोभ तूर्त आहे तेवढाच ठेव, शंका कमी कर.

चैत्राली


म्हैसूर
२८ जानेवारी २०२५

श्रीमती सरोजिनीबाई यांस,
वेंकोजीरावाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपली ओळख नाही. तरी लिहितों. पत्त्याचं पाकीट चैत्रालीच्या टेबलावर होतं, त्यावरून पत्ता उतरून घेतला, त्याची क्षमा असावी. आमचं मराठी म्हणजे घरातलं मराठी. त्यांत कन्नड केव्हा शिरतं ते आम्हांलाच कळत नाही. समजून घ्यावं.

गोष्ट अशी आहे. परवा, रविवारी, नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते जमिनीखालच्या टाकींत पडतं, तिला आम्ही संप म्हणतों. तिथून मोटरनं गच्चीवर चढवतों. बावीस मिनिटं लागतात. चैत्राली सकाळींच आली आणि म्हणाली, काका, आज मोटर लावूं नका. मी म्हटलं आयितु, तसं करूं. अंबूनं वेलीला पाणी घातलं. वेल गप्प. मग मुलगीच म्हणाली, आतां लावा. मी बटण दाबलं आणि वेल गाऊं लागली. बंद केलं, गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा गाणं. सात वेळां केलं, बाई. सातव्या वेळीं तिच्या डोळ्यांत पाणी.

मोटरची वायर त्याच भिंतींतून जाते. वेल सुम्ने, उगीच उभी होती, गात होती आमची मोटर. पापा, बिचारी मुलगी धुण्याच्या दगडावर अर्धा तास बसून राहिली. अंबूनं बिसी, ऊनऊन उपमा नेऊन दिला, तोही परत आला. आमच्या घरून उपमा परत येण्याची ही पहिलीच वेळ. कुणाला सांगूं नका म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आतां माझी योजना ऐका. प्रदर्शनाचे दोन दिवस मी मोटर दिवसभर चालूं ठेवीन. टाकी भरून वाहूं लागेल, म्हणून टाकीला पाईप लावून तेंच पाणी परत संपांत सोडीन. पाणी वर, पाणी खालीं, गाणं अखंड. थेंब वाया नाही. मुलीची अब्रू राहील. तिला कळूं द्यायचं नाही, हें मी आपण होऊन करणार. पण आपण तिच्या आत्या, एक्सचेंजमध्ये होतां असं ऐकतों. दोन दिवस सतत चालल्यावर मोटर तापेल का, एवढंच सांगावं. अंबूचा या गोष्टीला विरोध आहे, पण तिचा माझ्या सर्वच गोष्टींना आहे.

आमच्या पूर्वजांनीं अब्रूसाठीं घोडे दौडवले. आमच्या नशिबीं मोटर आली.

आपला कृपाभिलाषी,
वेंकोजीराव


मिरज
१ फेब्रुवारी २०२५

श्री. वेंकोजीराव यांस,
सरोजिनीचा नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. तुमच्याकडे संपात पाणी असतं, आमच्याकडे संपात काम बंद असतं. तेव्हा तुम्ही मराठी संप करा, ही विनंती. मोटर लावू नका.

ती तापेल की नाही हा प्रश्न नाही. तापेल. पण पोरीला खरं काय ते कळलं आहे, आणि तिला ते कळलं आहे हे तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी तुम्ही मोटर लावलीत तर शंभर लोकांसमोर तिला खोटं उभं करावं लागेल, आणि तेही तुमच्या उपकाराखाली. आयुष्यातलं पहिलंच प्रदर्शन आहे तिचं.

मी तिला काही लिहिणार नाही. तिनं मला सांगितलेलं नाही, तोवर मला माहीत नाही. तिला पत्र पाठवून चार टोमणे मारले, त्याचं आता वाईट वाटतं. टोमणे बरोबर होते म्हणून जास्तच. तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवा. वहिनींना सांगा, उपमा पुन्हा एकदा पाठवून बघा.

त्यांचा तुमच्या सर्वच गोष्टींना विरोध असतो, त्यामुळे तुमचं घर सुखरूप आहे असं दिसतं.

आपली,
सरोजिनी


म्हैसूर
३ फेब्रुवारी २०२५
(स्पीड पोस्टानं)

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोटर आहे. वेंकोजीरावांची पाणी चढवायची मोटर. तू म्हणालीस तस्संच. हस आता.

एक कबूल करते. तुझं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. कळलं नसतं तर इतका राग आला नसता. मी पाच दिवस मुद्दाम परीक्षा घेतली नाही, कारण घेतली तर काय होईल ते ठाऊक होतं. मग घेतली, आणि तसंच झालं.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. रोज ठरवायची की गप्प बसू. कुणाला कळणार आहे? लोक पाच मिनिटं ऐकतील, टाळ्या वाजवतील, जातील. काल सकाळी वेंकोजीराव परसात एक लांबच लांब पीव्हीसीचा पाईप मापताना दिसले. मी विचारलं तर म्हणाले, बागेसाठी. त्यांच्या बागेत एक कढीपत्ता, एक जास्वंद आणि ही वेल, आणि पाईप चाळीस फुटी. खोटं बोलताना त्यांची मिशी थरथरते, आत्या. ते माझ्यासाठी काहीतरी लबाडी शिजवताहेत हे कळलं आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी तशीच स्कूटरवर बसून विद्याश्रींच्या घरी गेले.

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं की हे कधीपासून माहीत आहे. मी तुझ्या पत्राची तारीख सांगितली. त्या रागावल्या, आणि रागावल्या हे लपवलंही नाही. निमंत्रणपत्रिका छापून गेल्या आहेत. वर म्हणाल्या की त्या स्वतः डोळे मिटून एक पंप ऐकत होत्या, हे त्यांना आयुष्यभर लक्षात राहील. मग म्हणाल्या, दोनच रस्ते आहेत: नाव मागे घे, नाहीतर वेल खरोखर जे करते तेवढंच दाखव. ते काय असेल याचं वचन देऊ नकोस. यादीत पहिलं होतं ते काम शेवटी टाकलं आहे.

मी दाखवते म्हटलं.

आता मदत कर. मोटर बंद असली तरी भिंतीतल्या तारांची घरघर येतेच. ती कशी घालवू? एकतीस वर्षांचं सगळं शहाणपण पाठव. टोमण्यांसकट चालेल.

लोभ आहे तेवढाच ठेव, असं मी मध्यंतरी म्हटलं होतं, ते शब्द मागे घेते.

चैत्राली


मिरज
६ फेब्रुवारी २०२५
(स्पीड पोस्टानं)

चि. चैत्राली हिस,
अनेक आशीर्वाद.

हसले नाही. तुझं पत्र देवापुढे ठेवलं, मग उत्तर लिहायला बसले.

पेटी बॅटरीवर चालव. लॅपटॉपचा चार्जर काढून टाक, नुसता बंद करू नकोस, भिंतीतून उपस. पानांकडून येणाऱ्या दोन वायरी वेणीसारख्या एकमेकींना पिळून घे आणि शक्य तितक्या आखूड कर. पेटी भिंतीपासून लांब आण. वेलीच्या मुळापाशी ओल्या मातीत एक तांब्याचा तुकडा पुरून त्याला तिसरी वायर जोड. एवढं केल्यावर घरघर जाईल.

आणि घाई करू नकोस. झाडांचं काम संथ असतं. मिनिटांचा कागद फेकून दे, तासांचा घे. रेघ जागची बऱ्यापैकी हलली तरच स्वर काढायचा, नाहीतर गप्प. दिवसात एकदा हलली तर एकदा. एकदाही नाही हलली तर लोकांना तसं सांगायचं आणि चहा द्यायचा.

जेवत जा. उपमा परत करणाऱ्या मुलीच्या हातचं काम बिघडतं. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस.

माझा लोभ तुझ्या मागण्या-सोडण्यावर चालत नाही, तो आपला वेगळ्या लाईनवर आहे.

आत्या


म्हैसूर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

प्रदर्शन झालं. पहिल्यापासून सांगते, मध्ये उडी मारून शेवट वाचू नकोस.

भिंतीवर मी पाटी लावली, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत: ही वेल गाते असं मला तीन महिने वाटत होतं, गात होती ती घराची मोटर, आता वेल बॅटरीवर आहे, तिच्यात पुरेसा बदल झाला तर एक स्वर ऐकू येईल, केव्हा ते मला माहीत नाही. शेजारी टेबलावर तासांचा आलेख. समोर वेंकोजीरावांच्या घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्या.

माझं नाव यादीत शेवटी, तरी शनिवारी दहा वाजता साठएक लोक आधी आमच्याकडेच आले. पाटी वाचून थोडे हसले, मग बसले. साडेदहा. अकरा. काहीच नाही. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं की यात कला नेमकी कुठे आहे. बाबा त्यांच्या आठ जणांना घेऊन आले होते. ते इतके कासावीस झाले की सॉफ्टवेअर अपडेट चालू आहे असं सांगत फिरायला लागले. मी त्यांना आत नेऊन गप्प बसवलं. वेंकोजीरावांनी गर्दी थोपवून धरण्यासाठी आपल्या खापरपणज्याची लढाई सुरू केली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात. अंबुबाई विडे देत होत्या. तरीही एकपर्यंत निम्मे लोक उठून गेले होते, आणि दोनला अकराच उरले. विद्याश्री त्यांत होत्या. त्या घड्याळ बघत नव्हत्या, पण बघत नाही आहोत हे मला दिसेल असं बसल्या होत्या.

दोन वाजून वीस मिनिटांनी स्वर आला. एकच, खालचा, दमल्यासारखा. खापरपणज्यानं नुकतीच तलवार उपसली होती. अंबुबाईंनी त्याला आणि नवऱ्याला एकदम गप्प केलं. मग वेल पुन्हा गप्प. आत्या, मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तो खरंच तिचा होता. तारा मी तीन-तीनदा तपासल्या.

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर अंबुबाईंच्या माहेरचे एक गृहस्थ उठले, भीमसेन म्हणून, बन्नूरजवळ त्यांची पानवेलीची बाग आहे. लग्नाच्या आमंत्रणासाठी आले होते, प्रदर्शनाचं त्यांना माहीतही नव्हतं. ते आलेखापाशी वाकले, मला शुक्रवारचा मागितला, गुरुवारचा मागितला. मग वेलीपाशी जाऊन पानं उलटून पाहिली, वर बघितलं आणि विचारलं की पश्चिमेची फांदी कुणी तोडली. सगळ्या दिवसांच्या रेघा दुपारी दोननंतर घसरत होत्या; स्वर मी शनिवारीच जोडला होता आणि तोवर तारा तपासण्याच्या नादात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते म्हणाले की पानवेलीला उतरतं ऊन सोसत नाही, तिला सावलीचा आधार होता, तो कुणीतरी काढून घेतला आहे. ती गात नाही, ती होरपळते आहे.

आत्या, फांदी मी तोडली होती. डिसेंबरात, शेजारच्या कडुलिंबाची, भिंतीवरून आत आलेली. वायर सरळ यावी म्हणून.

सगळ्यांसमोर सांगितलं. आता कबुलीजबाबाची सवयच लागली आहे मला. भीमसेन रागावले नाहीत. नवीन फांदी फुटेपर्यंत काहीतरी बांधा म्हणाले. अंबुबाई आत गेल्या आणि त्यांची एक मऊ पडलेली सुती साडी घेऊन आल्या. बाबा आणि वेंकोजीराव स्टुलांवर चढले, तो चाळीस फुटी पाईप कापून खांब केले आणि वेलीवर मांडव घातला. बाबांच्या ऑफिसातले दोघे जण खालून सूचना देत होते.

पाटीखाली मी आणखी दोन ओळी लिहिल्या, फांदीबद्दल.

रविवारी चाळीस लोक आले. शनिवारचे अकराच्या अकरा परत आले होते, आणि येताना घरच्यांना घेऊन आले होते. सकाळ गेली. एक वाजला, दोन वाजले. दोन वीसला मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. रेघ किंचित खाली आली आणि तिथेच थांबली. तीन वाजले, चार वाजले. कुणी उठलं नाही. वेंकोजीरावसुद्धा नाही. एक लहान मुलगी पुढे होऊन साडीची सावली पानांवर नीट पडली आहे ना ते बघून आली.

पाच वाजता बाबा हळूच माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि विचारलं की आज एकदा तरी वाजेल ना. मी म्हटलं, बाबा, वाजू नये म्हणून तर सगळे बसलेत.

नाही वाजली, आत्या! दिवसभर नाही.

विद्याश्री जाताना एवढंच म्हणाल्या की पुढचं काम काय करते आहेस ते कळव. येत्या रविवारी मी पहाटे उठून भीमसेनांच्या बागेत जाणार आहे, पेटी घेऊन. तिथे मोटर लांब आहे, विचारून घेतलंय.

नमस्कार तुला. लोभ दोन्हीकडून चालू राहू दे, दिवसाआड नको, रोजचा.

तुझी,
चैत्राली